भाडं उतरलं, पण पोर्ट फी तेवढीच का?

समजा, आधीच बुक केलेल्या ग्रीसच्या क्रूझचं भाडं १००० डॉलरवरून ८०० वर आलं, पण एकूण बिल २०% ने उतरलं नाही, असं का? हिशोब बरोबर आहे. कर आणि पोर्ट फी (बंदरांचं शुल्क) १९० डॉलर असेल, तर ११९० चे ९९० होतात, म्हणजे साधारण १७% घट. ही रक्कम बहुतेक माणशी ठरलेली असते, भाड्याच्या टक्केवारीत नाही.

ग्रीसचंच बघा. जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांना सांतोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर जून ते सप्टेंबर माणशी २० युरो लागतात, इतर बंदरांत ५. केबिन स्वस्त घ्या की महाग, आकडा तोच. ‘मुलं फुकट’ ऑफरमध्येही मुलांचे कर भरावेच लागतात, ते याचमुळे. भारतातल्या एजंटकडून घेतलं असेल तर जीएसटी आणि टीसीएस (परदेशी टूरच्या रकमेवर एजंट आगाऊ कापून घेतो तो आयकर) मात्र टक्केवारीने लागतात, त्यामुळे नवं इनव्हॉइस मागून ते आकडे खाली आलेत ना, हे तपासाच.

बुकिंगनंतर दर उतरला, तर भाडं कमी करून मागायचं ते अंतिम हप्त्याच्या तारखेआधी. आणि फक्त भाड्याची ओळ बघू नका: नव्या दरात जुनं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला मिळणारी रक्कम) किंवा टिप्सची सवलत अनेकदा निघून जाते. दोन्ही इनव्हॉइस शेजारी ठेवून शेवटची बेरीज जुळवा, मगच होकार द्या.

बुकिंग रद्द केलं, तर भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी न वापरलेले कर आणि पोर्ट फी बहुतेक कंपन्या परत करतात. परताव्यात ती ओळ वेगळी दिसली नाही तर लेखी मागा.