मदत हवी आहे : लॅपटॉपला जोडायला मॉनिटर, फुल एचडी, क्यूएचडी की ४के? (काम : देवनागरी प्रूफ वाचणं)

बोरीकाठ (अमळनेर) :

नमस्कार मंडळी,

मी घरून डीटीपी आणि प्रूफरीडिंगचं काम करते. शाळा-कॉलेजांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गाइडं आणि लग्नसराईत पत्रिका. बरंचसं काम आता युनिकोडमध्ये, वर्डवर नाहीतर पीडीएफवर येतं. पण जळगावचा एक छापखाना अजूनही सगळं पेजमेकरमध्येच (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) मागतो, युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये. त्यामुळे पेजमेकर रोज उघडावंच लागतं.

लॅपटॉप १५.६ इंची, फुल एचडी (१९२० × १०८०), विंडोज ११, स्केलिंग (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १२५ टक्के. एचडीएमआय पोर्ट आहे, माहितीपत्रकात १.४ लिहिलंय. एक टाइप-सी पोर्टही आहे, पण त्यातून स्क्रीन जोडता येते का ते अजून पाहिलेलं नाही.

अडचण अशी की मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी-शेजारी ठेवली की अक्षर एवढंसं होतं. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द घ्या. त्यात ‘र्थ्यां’वर रफार आणि अनुस्वार शेजारी बसतात. बारीक अक्षरात दोघांचा मिळून एकच काळा ठिपका होतो आणि अनुस्वार दिलाय की राहिलाय ते कळतच नाही. ‘दुसर्‍या’मधला अर्धा र, ‘पू’ आणि ‘पु’, ‘घ’ आणि ‘ध’, सगळीकडे हाच ताप. झूम करून पाहावं तर दुसरं पान स्क्रीनबाहेर जातं. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात, आणि भीती ही की सुटलेली चूक तशीच छापून यायची.

म्हणून बाहेरचा मॉनिटर घ्यायचाय. जळगावच्या गोलाणी मार्केटला चौकशी केली. एका दुकानात म्हणाले, २४ इंची फुल एचडी पुरे. दुसरीकडे म्हणाले, ‘२७ इंची ४के घ्या ताई, अक्षर बारीक वाटलं तर रिझोल्युशन कमी करून टाका.’ रिझोल्युशन कमीच करायचं असेल तर ४केचे पैसे कशाला मोजायचे, हे मला उलगडत नाही. ४के म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेल (ठिपके), आणि मधला पर्याय २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४०).

बजेट वीस हजारांच्या आसपास. गेम खेळायचे नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. फक्त अक्षर स्वच्छ हवं आणि दोन पानं शेजारी मावायला हवीत. स्केलिंग किती ठेवायचं तेही सांगा. लॅपटॉपवर १२५ आणि मॉनिटरवर वेगळं चालतं का? पेजमेकर लॅपटॉपवर आताच धूसर दिसतं, ते मोठ्या स्क्रीनवर आणखी बिघडेल का?

---

पांझराकाठ (धुळे) :

ताई, रिझोल्युशनले हातच लाऊ नको! दुकानदाराचं ते वाक्य सोडून द्या. एलसीडीचे पिक्सेल मोजून बसवलेले असतात. क्यूएचडी मॉनिटरवर १०८० निवडलं की चित्रातला एक ठिपका सव्वा-दीड पिक्सेलवर (नेमकं सांगायचं तर १.३३) पसरावा लागतो. मग प्रत्येक रेघेच्या कडेला राखाडी झाक येते आणि शिरोरेघ जाडी-भरडी होते. रिझोल्युशन नेहमी मॉनिटरचं मूळचंच ठेवायचं, विंडोज त्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहितं. अक्षर मोठं करायचं ते स्केलिंगने. स्केलिंगमध्ये अक्षर नव्याने काढलं जातं, जास्त पिक्सेल वापरून, म्हणून ते मोठंही होतं आणि रेखीवही राहतं.

४केवर १५० टक्के ठेवलं तर जागा क्यूएचडीएवढीच मिळते (३८४० भागिले दीड म्हणजे २५६०), पण तेच अक्षर सव्वादोनपट पिक्सेलमध्ये काढलेलं असतं. पैसे जातात ते त्यासाठी. मी दिवसभर पीडीएफ वाचतो आणि २७ इंची ४के १५० वर वापरतो. जोडाक्षरं छापल्यासारखी दिसतात. प्रूफच्या कामाला माझं मत ४केलाच.

मॉनिटरवर आणि लॅपटॉपवर वेगवेगळं स्केलिंग बिनधास्त चालतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जा, वर जी स्क्रीन निवडाल तिचंच स्केल बदलतं. फक्त ‘कस्टम स्केलिंग’मध्ये स्वतःचा आकडा टाकू नका, तो सगळ्या स्क्रीनना एकदम लागतो आणि साइन आउट करावं लागतं.

---

यावलचा भो :

राम राम. पांझराकाठदादांचं रिझोल्युशनचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण ४के सांगण्याआधी ताईंचं पोर्ट बघा ना भो. एचडीएमआय १.४ मधून ४के जातं ते ३० हर्ट्झवर. म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं. माऊस ओढल्यासारखा चालतो, पान सरकवताना ओळी थडथडतात. प्रूफवाल्याला दिवसभर स्क्रोलच करायचं असतं, त्याला ते नकोसं होतं. क्यूएचडी मात्र त्याच पोर्टमधून ६० हर्ट्झवर जातं.

टाइप-सीचं असं आहे की भोक सारखं दिसलं तरी आतलं काम वेगळं असतं. काहींमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल जातो, काही फक्त डेटासाठी असतात. पोर्टशेजारी इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफलेलं चिन्ह किंवा विजेचा बाण असलेलं थंडरबोल्टचं चिन्ह आहे का बघा. नुसतं त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह असेल तर त्याच्या भरवशावर ४के घेऊ नका. खात्री करायला कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं पान काढून वाचा.

आता आकाराचं गणित. तुमच्या लॅपटॉपवर इंचाला १४१ पिक्सेल आहेत. १२५ टक्के स्केलिंग म्हणजे १४१ भागिले सव्वा, साधारण ११३. २७ इंची क्यूएचडीवर इंचाला १०९ पिक्सेल, स्केलिंग १००. म्हणजे खिडकी लॅपटॉपवरून मॉनिटरवर ओढून नेली तर आकार जवळजवळ तोच राहतो. २४ इंची फुल एचडीवर हा आकडा ९२ येतो. तिथे सगळं ढोबळ दिसतं आणि जागा क्यूएचडीएवढी वाढत नाही. तुमची मूळ अडचण जागेचीच आहे, म्हणून २४ फुल एचडी मी यादीतून काढूनच टाकेन.

---

भुसावळ जंक्शन :

मी छापखान्यांसाठी लेआउट करतो, पेजमेकर आणि युनिकोड दोन्ही रोज हाताळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोन पानांचं. ए-फोर पान वर्डमध्ये १०० टक्के झूमवर सुमारे ७९४ पिक्सेल रुंद असतं आणि त्यात १२ पॉइंटचं अक्षर १६ पिक्सेलच्या चौकटीत बसतं. त्या १६ मध्येच उकार खाली, शिरोरेघ मध्ये, वेलांटी-रफार-अनुस्वार वर. इंग्रजीला १६ पुरतात, आपल्याला पुरत नाहीत. आता दोन पानं शेजारी ठेवून स्क्रीनभर पसरवली तर हीच चौकट फुल एचडीवर साधारण १९ पिक्सेलची होते, क्यूएचडीवर २५ ची, ४केवर ३८ ची. एकोणिसात ‘र्थ्यां’वरचा रफार आणि अनुस्वार चिकटतात, ताई म्हणतात तसंच. पंचविसात दोघांमध्ये फट दिसते. अडतिसात तर अनुस्वाराचा गोलवाही दिसतो. म्हणजे खरी उडी १९ वरून २५ वर जाण्यात आहे. त्यापुढचं सुख आहेच, पण काम तिथेच सुरळीत होतं.

पडद्याची उंचीही बघा. ए-फोर पान २९.७ सेंटीमीटर उंच. २४ म्हणून विकतात त्यातले बरेच २३.८ इंची असतात, त्यांची स्क्रीन २९.६ सेंटीमीटर. पान खऱ्या आकारात उभं मावतच नाही, वर टूलबार आणि खाली टास्कबार वेगळेच. २७ इंचीची उंची ३३.६. पान मावतं, वर-खाली चार बोटं उरतात.

आता पेजमेकर. शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. अशा जुन्या सॉफ्टवेअरला स्केलिंग म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. ते आपलं चित्र १०० टक्क्यांच्या हिशेबाने काढतं आणि विंडोज ते चित्र ताणून मोठं करतं. लॅपटॉपवर १२५ आहे म्हणून तुम्हाला धूसर दिसतं. ४केवर १५० ठेवलं तर अजून ताणलं जाईल. त्यावर उपाय आहे : पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, खालच्या ओव्हरराइडवर टिक करून ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडा. धूसरपणा जातो. पण मग ४केवर टूलबॉक्सची बटणं मुगाच्या दाण्याएवढी होतात, कारण तिथे इंचाला १६३ पिक्सेल. माऊस नेमका ठेवताना मान पुढे जाते आणि डोळ्यांऐवजी पाठ धरते.

क्यूएचडीवर स्केलिंग १०० च असतं, म्हणून ताणायचा प्रश्नच येत नाही. पेजमेकर जसं आहे तसं, स्वच्छ दिसतं आणि बटणंही हाताला येतात. पेजमेकर रोज लागत असेल तर माझं मत २७ क्यूएचडी, स्केलिंग १००. पेजमेकर सुटलं असतं तर मीही पांझराकाठदादांच्याच बाजूने बोललो असतो.

---

पांझराकाठ (धुळे) :

पेजमेकर रोज लागतं हे मी नीट धरलं नव्हतं, भुसावळभाऊंचा मुद्दा पटला. तरी टाइप-सीतून डिस्प्ले जात असेल आणि छापखान्याचं काम वर्षभरात युनिकोडवर येणार असेल, तर ४केचा विचार सोडू नका. मॉनिटर आठ-दहा वर्षं टिकतो. २७ इंची ४केवर १७५ टक्केही ठेवून बघा. मेनू २४ इंची फुल एचडीवर दिसतात तेवढे मोठे होतात आणि अक्षर कितीतरी रेखीव. चाळिशी लागलेल्यांना ते फार बरं पडतं.

---

बोरीकाठ (अमळनेर) :

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

टाइप-सी पाहिलं. शेजारी नुसतं यूएसबीचं चिन्ह आहे, आणि कंपनीच्या पानावर त्या पोर्टपुढे फक्त डेटा ट्रान्सफर लिहिलंय. छापखान्याच्या मालकांनाही विचारलं. त्यांच्याकडे वीसेक वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, दरवर्षी त्यातच दुरुस्ती करून नवा अंक निघतो, त्यामुळे ते एवढ्यात बदलणार नाहीत. तेव्हा २७ इंची क्यूएचडी नक्की करते, स्केलिंग १००.

दोन शंका राहिल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण मॉनिटर बंद पडला की उघडलेल्या फाइलींचं काय होतं? आणि दुकानात काय तपासून घेऊ?

---

यावलचा भो :

फाइलीला काही होत नाही ताई, खिडक्या फक्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंग्जमधलं ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडा. तिथे मॉनिटरच्या जोडणीप्रमाणे खिडक्यांची जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू असू द्या. वीज आली की त्या परत आपापल्या जागी जातात. मॉनिटरला वीज फार लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर टाकला तर उत्तमच. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, थेट भिंतीच्या सॉकेटवर ठेवू नका.

---

भुसावळ जंक्शन :

दुकानात लॅपटॉप घेऊनच जा, आणि पेनड्राइव्हवर तुमचंच एखादं त्रासदायक प्रूफ न्या. दुकानातल्या डेमो व्हिडिओवर सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. जोडल्यावर ‘एक्स्टेंड’ निवडा, ‘डुप्लिकेट’ नको, नाहीतर दोन्ही स्क्रीन एकाच रिझोल्युशनवर येतील. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये २५६० × १४४० आणि ६० हर्ट्झ (किंवा ५९ पॉइंट काहीतरी) दिसायला हवं. तिथेच कलर फॉरमॅट आरजीबी आहे ना ते बघा. तो दुसरा असला तर काळं अक्षर ठीक दिसतं, पण वर्डच्या ट्रॅक चेंजेसमधलं लाल अक्षर कडेने फुटल्यासारखं दिसतं, आणि प्रूफला लालच तर वाचायचं असतं. मॉनिटरच्या बटणातून ‘शार्पनेस’ फार वर असेल तर मध्यावर आणा, नाहीतर अक्षराभोवती पांढरी कड येते.

वर्डमध्ये दोन फाइली ‘व्ह्यू साइड बाय साइड’ने लावा आणि ११ पॉइंटमध्ये ‘विद्यार्थ्यांना’, ‘सर्वांगीण’, ‘दुसर्‍या’, ‘पृष्ठ’ एवढं टाइप करून जेवढ्या अंतरावर घरी बसाल तेवढ्यावरून वाचा. पॅनेल आयपीएस घ्या, दोन्ही कडांची पानं सारखी उजळ दिसतात. आणि स्टँडची उंची कमी-जास्त होते का ते हाताने करून बघा. स्वस्त मॉनिटरचा स्टँड नुसता पुढे-मागे कलतो, मग खाली जाड पुस्तकं रचावी लागतात.

घरी आल्यावर मॉनिटरला ‘मेन डिस्प्ले’ करा आणि एकदा साइन आउट करून परत या. काही जुनी सॉफ्टवेअर साइन इन करताना मुख्य स्क्रीनचं जे स्केलिंग असतं तेच धरून बसतात. हे केलं नाही तर मॉनिटर चांगला असूनही ती धूसरच दिसतील. सर्च बॉक्समध्ये ‘क्लिअरटाइप’ (विंडोजची अक्षरं रेखीव करायची सोय) टाइप करून ते अ‍ॅडजस्टमेंटही एकदा चालवा, त्यात मॉनिटर निवडायला विचारतं.

---

बोरीकाठ (अमळनेर) :

लिहून घेतलं सगळं. रविवारी जळगावला जाते आहे, पतसंस्थेच्या अहवालाचं प्रूफ सोबत नेईन, त्यात आकड्यांचे तक्तेही आहेत. मॉनिटर जोडल्यावर पेजमेकर कसं दिसतं ते इथेच कळवते, म्हणजे जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.