मदत हवी आहे: समोरासमोर धडक दिली की गेम एकदम संथ होतो, रविवारच्या आत उपाय सांगा

कुमठानाका_डेंटर (शुक्रवार, रात्री ९.४०)
गाडी भिंतीला ठोकली की सगळं बरोबर दिसतं. पण समोरून दुसरी गाडी आणून ठोकली की गेम संथ व्हायलाय. आवाजसुद्धा ओढल्यासारखा येतो. ग्राफिक्स सगळं लो करून बघितलं, तरी तेच. गेम काढून परत टाकला, तरी तेच. रविवारी गॅरेज बंद असतं, तेव्हा पप्पांना दाखवायचंय. दोन रात्री यातच गेल्या. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या असं कृपया कुणी सांगू नका, ते जमणार नाही.

कोअर_मोजणारा (रात्री ९.५२)
कोणता गेम? पीसी की लॅपटॉप? प्रोसेसर कुठला, रॅम किती? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत. आम्ही काय सांगणार?

सायबरवाला_०६ (रात्री ९.५८)
फ्लॅटआउट २ टाक, विषय संपला. २००६ चा गेम आहे, कसल्याही मशीनवर पळतो. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या सायबरमध्ये आम्ही शाळा सुटली की आठ-आठ जण लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, खेळायचो. जोरात ठोकली की ड्रायव्हर काच फोडून बाहेर फेकला जायचा. बोनेट उडायचं, बंपर रस्त्यात पडायचा आणि पुढच्या फेरीत तोच बंपर आपल्याच चाकाखाली यायचा. तशी मजा नंतर कुठल्या गेममध्ये आली नाही.

कुमठानाका_डेंटर (रात्री १०.०५)
बीमएनजी ड्राइव्ह. लॅपटॉप आहे. फ्लॅटआउट नको, मला मजेसाठी नकोय.

रॅली_वेडी (रात्री १०.११)
मजेसाठी नको तर मग कशासाठी? ते कळलं तर नीट सांगता येईल. खरं डॅमेज हवं असेल तर माझं मत डर्ट रॅली २.० ला. त्यात गाडी चेपलेली दिसते तेवढ्यावर भागत नाही. रेडिएटरला मार बसला की इंजिन तापतं, चाक पंक्चर झालं की पुढचे सहा किलोमीटर तसंच रिमवर न्यावं लागतं, हेडलाइट फुटला की रात्रीचा टप्पा आंधळ्यासारखा चालवायचा. डॅमेजची पातळी सेटिंगमध्ये कडक करून ठेवा. एका चुकीत पूर्ण रॅली हातची जाते, तेव्हा माणूस ब्रेक कधी मारायचा ते शिकतो. आणि खेळणारच असाल तर साधा का होईना, स्टीअरिंग आणि पेडलचा सेट घ्या, कीबोर्डवर यातलं काही कळत नाही.

कुमठानाका_डेंटर (रात्री १०.३०)
सांगतो. पप्पांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी मोबाईलवर एक रेसिंग गेम खेळायलो होतो. पप्पा मागे उभे राहून बघत होते. दीडशेच्या स्पीडनं गाडी ट्रकला धडकली, बोनेटवर दोन ओरखडे आले आणि गाडी सुसाट पुढं गेली. पप्पा चिडले. म्हणाले, पोरं हेच बघून हायवेला जातात.

त्याच दिवशी आमच्याकडे तुळजापूर रोडवरची एक हॅचबॅक आली होती. पप्पांनी मला हाताला धरून तिच्याजवळ नेलं. डावा एप्रन, म्हणजे पुढच्या चाकावरचा आतला पत्रा, पंख्याच्या घडीसारखा दुमडला होता. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर मागे इंजिनला चिकटले होते. बोनेट मधोमध वर आलं होतं, घराच्या छपरासारखं. पण पप्पा यातलं काही आधी बघत नाहीत. ते आधी ड्रायव्हरच्या दाराची फट बघतात. वरच्या कोपऱ्यात बोट घातलं तर आत जात होतं, खालच्या कोपऱ्यात कागद जात नव्हता. दार उघडून हळूच मिटवलं तर कुलपाशी अडलं. पप्पा म्हणाले, मार चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेलाय, आता नुसती लांबी (पुट्टी) भरून भागणार नाही, पुलिंगला लावायला लागेल, म्हणजे सांगाडा ओढून सरळ करायला लागेल.

दाराची ती फटसुद्धा बदलते असा गेम आहे हे मला पप्पांना दाखवायचंय. बीमएनजीमध्ये ती बदलते, मी भिंतीला ठोकून बघितलंय. पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्या भिंतीला ठोकलेल्या नसतात.

गिअरबॉक्स_काका (रात्री १०.४४)
फार चांगलं लिहिलंत. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. दाराच्या फटीवरून चासी ओळखणारे कारागीर आता कमी राहिलेत.

एक भर घालतो. बोनेट मधोमध दुमडलं हा योगायोग नाही. आतल्या पत्र्याला मुद्दाम तिथं कमकुवत रेघ ठेवलेली असते, नाहीतर अख्खं बोनेट सरळ मागे काचेतून आत येईल. पुढचा भाग चेपावा आणि माणसं बसतात तो भाग कडक राहावा, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची. १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ती पहिल्यांदा वापरात आली.

जुनापत्रा (रात्री १०.५१)
काका, माफ करा पण पटत नाही. जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, ठोकलं तरी काही व्हायचं नाही. आता बोटानं दाबलं तरी पोचा पडतो. कंपन्यांनी पत्रा वाचवला आणि त्याला शास्त्राचं नाव दिलं.

गिअरबॉक्स_काका (रात्री ११.०२)
गाडीला कमी व्हायचं असं एक वेळ धरू. माणसाला व्हायचं. धडकेची ऊर्जा कुठंतरी जावीच लागते. पत्र्यानं घेतली नाही तर ती छातीनं घ्यावी लागते. आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. चाळीसची धडक आणि ऐंशीची धडक यांत दुपटीचा नाही, चौपटीचा फरक आहे. बोटानं पोचा पडतो तो बाहेरचा कातडीसारखा पत्रा. माणूस वाचवतात ते आतले मेंबर (सांगाड्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या) आणि पिलर (छत पेलणारे खांब), त्यांचं पोलाद आता पूर्वीपेक्षा कितीतरी कडक असतं.

सायबरवाला_०६ (रात्री ११.१०)
गेमबद्दल बोलायचं तर जीटीए ४ मध्ये गाडी जशी चेपायची तशी जीटीए ५ मध्ये चेपत नाही. २००८ चा गेम २०१३ च्या गेमला भारी पडतो. पुढं जायचं सोडून मागे गेले.

मिडनाइट_रेसर (रात्री ११.१६)
कारण लायसन्स. खऱ्या कंपनीची गाडी गेममध्ये घेतली की कंपनी म्हणते आमची गाडी चेपलेली दाखवू नका. म्हणून तर २०१० च्या ग्रान टुरिस्मो ५ पर्यंत त्या मालिकेत गाडी चेपलेली दिसतच नव्हती.

रॅली_वेडी (रात्री ११.२३)
लायसन्स हे एक कारण आहे, पण सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. जीटीएमधल्या गाड्या तर काल्पनिक आहेत, तिथं कुठल्या कंपनीचं लायसन्स? उलट १९९८ च्या कॉलिन मॅक्रे रॅलीमध्ये खरी सुबारू इम्प्रेझा होती आणि ती चेपायची, काचाही फुटायच्या. २००५ च्या पहिल्या फोर्झामध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, त्यांना मार बसला की चालण्यावरही परिणाम व्हायचा. खरी अडचण कामाची आहे. बहुतेक गेमना गाडी म्हणजे एक कडक पेटी. वरचा पत्रा नुसता दिसायला वाकवतात, आतली पेटी तशीच राहते. खरं चेपवायचं तर सगळी गाडीच वेगळ्या पद्धतीनं बांधावी लागते.

मिडनाइट_रेसर (रात्री ११.३०)
सुबारूचं मान्य. पण रॅलीच्या गाड्या खऱ्या आयुष्यातही पोचे घेऊनच फिरतात, त्यांच्या कंपन्यांना त्याचं काही वाटत नाही. शोरूममधल्या महागड्या गाड्यांचं तसं नसतं.

कोअर_मोजणारा (रात्री ११.३४)
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

डेंटर भाऊ, तुमचं ग्राफिक्स लो करून फरक पडणार नाही, कारण संथ होतंय ते चित्र नाही, गणित. बीमएनजीमध्ये गाडी म्हणजे वजन असलेले शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या. धक्का बसला की दांडी ताणली जाते, एका मर्यादेपुढं ती वाकलेलीच राहते आणि त्याच्याही पुढं तुटते. म्हणून तुमच्या दाराची फट बदलते. ती कुणी आधी काढून ठेवलेली नाही. मागचा बिंदू सरकला म्हणून दार सरकलं. हे सगळं एका सेकंदात २००० वेळा मोजलं जातं, प्रत्येक गाडीसाठी वेगळं, आणि तो सगळा भार प्रोसेसरवर. गणित वेळेत पुरं झालं नाही की गेममधला वेळच हळू चालतो. तुम्हाला स्लो मोशन दिसतं ते हेच.

आता नीट उत्तरं द्या. प्रोसेसर कुठला? किती कोअर, म्हणजे त्यात एकाच वेळी गणित करणारे भाग किती? धडकेच्या वेळी एकूण किती गाड्या असतात? चार्जर लावलेला असतो का?

कुमठानाका_डेंटर (रात्री ११.४७)
आय५, चार कोअर, ८ जीबी. चार वर्षं जुना. गाड्या दोनच.

मोबाईल_मास्टर (रात्री ११.५०)
रेकफेस्ट हा गाड्या ठोकायचा गेम आता मोबाईलवरपण आहे. लॅपटॉपची कटकटच नको.

कोअर_मोजणारा (रात्री ११.५५)
दोनच? गेममधलं ट्रॅफिक बंद आहे ना? आणि चार्जरचं सांगितलं नाहीत.

कुमठानाका_डेंटर (शनिवार, सकाळी ७.१५)
ट्रॅफिक चालू होतं. रस्ता रिकामा बरा दिसत नव्हता म्हणून आठ गाड्या ठेवल्या होत्या. त्या लांब असतात, धडकेत येत नाहीत, म्हणून मोजल्या नाहीत.

कोअर_मोजणारा (सकाळी ७.४०)
लांब असल्या तरी त्यांचं गणित चालूच असतं. दहा गाड्या आणि चार कोअर, मग दुसरं काय होणार? ट्रॅफिक पूर्ण बंद करा. चार्जर?

सौ_होटगीरोड (सकाळी ८.२०)
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आम्ही पहिली गाडी घेतोय, बजेट नऊ लाख. जास्त चेपणारी घ्यावी की कमी?

गिअरबॉक्स_काका (सकाळी ८.३५)
ताई, चेपण्यावरून ठरवू नका. भारत एनकॅप ही आपली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवतात, तीही पूर्ण तोंड नाही, साधारण ४० टक्के. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे असतात, दोन्ही बघा. गाडी ठरली की वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर सांगतो.

कुमठानाका_डेंटर (शनिवार, दुपारी २.१०)
ट्रॅफिक बंद केलं. बराच फरक पडला, पण धडकेच्या क्षणी अजून अडकायलंय. चार्जर नाही लावलेला. लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडतो, तिथं टीव्हीचं सोडून एकच सॉकेट आहे आणि त्यात कूलरची पिन आहे. मे महिना आहे, दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस असतं, आजी हॉलमध्येच झोपते, कूलर काढता येत नाही. बॅटरी फुल करून मगच खेळतो, मग काय अडचण?

कोअर_मोजणारा (दुपारी २.२२)
अडचण हीच आहे. बॅटरीवर चालताना लॅपटॉप प्रोसेसरचा जोर मुद्दाम कमी करतो, बॅटरी कितीही भरलेली असो. काल रात्रीपासून तीनदा विचारलं. कूलरची पिन काढू नका. दुसऱ्या खोलीतून जाड वायरचं एक्स्टेन्शन आणा आणि त्यावर फक्त लॅपटॉप लावा, कूलर त्यावर नको. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बेस्ट परफॉर्मन्स करा. लॅपटॉप कशावर ठेवता?

कुमठानाका_डेंटर (दुपारी २.३०)
गादीवर.

कोअर_मोजणारा (दुपारी २.३३)
गादीवर खालची हवा बंद होते. तापला की तो स्वतःहून हळू होतो. पाटावर ठेवा, मागून दोन वह्यांवर उचला, कूलरची हवा बाजूनं लागू द्या. मात्र पाण्याचे तुषार येतात तिथं ठेवू नका.

रॅली_वेडी (दुपारी ३.०५)
आणि दुपारऐवजी सकाळी लवकर दाखवा. तापमानातच मोठा फरक पडेल.

कुमठानाका_डेंटर (रविवार, सकाळी ११.२५)
झालं. पाट, वह्या, एक्स्टेन्शन, सगळं केलं. दोन गाड्या एकदम मोकळ्या पळाल्या. तीन घेतल्या तरी चालतंय.

सकाळी सातला पप्पांना बसवलं. गेममधली इबिशू कोव्हेट घेतली, आमच्याकडे येणाऱ्या जुन्या हॅचबॅकसारखीच आहे. आधी चाळीसनं समोरासमोर, अर्धंच तोंड. बंपर आणि लाइट गेले. मग तीच धडक ऐंशीनं. पप्पा काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, कॅमेरा दाराजवळ घे. नेला. वरची फट उघडली होती, खालची मिटली होती. पप्पांनी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, मार इथपर्यंत आलाय.

चुकासुद्धा काढल्या त्यांनी. पत्रा कापडासारखा चुरगळतो, खऱ्या पत्र्याला कडक घडी पडते. रंगाची पापडी उडत नाही. स्पॉट वेल्डिंग, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, ओळीनं उसवतं तसं यात दिसत नाही.

कोअर_मोजणारा (सकाळी ११.४०)
चुका बरोबर काढल्यात. बिंदू जेवढे, तेवढ्याच घड्या पडू शकतात. दोन बिंदूंच्या मधला पत्रा नुसता ताणून दाखवलेला असतो.

कुमठानाका_डेंटर (सकाळी ११.५२)
हे सांगितलं त्यांना. आता म्हणायलेत, ऐंशीनं मागून ठोक, मला डिकीखालचा मेंबर कसा वाकतो ते बघायचंय. गॅरेजमधल्या दोन्ही पोरांनापण बोलावून घेतलंय. मागून ठोकताना पुढची गाडी हँडब्रेकवर ठेवायची की न्यूट्रलला? खरं कशात दिसेल?

गिअरबॉक्स_काका (दुपारी १२.०४)
दोन्ही करून दाखवा, एकाच वेगानं. सिग्नलला उभी असलेली गाडी बहुतेक वेळा ब्रेकवर पाय ठेवूनच असते, म्हणून आधी हँडब्रेक. तुमच्या वडिलांना फरक दिसेल तो इथं लिहा, मला वाचायचाय.