प्लेस्टेशन ३ चं घोडं कुठे अडलं?

सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) या गेमिंग कन्सोलवर आधीच्या पीएस४ चे गेम चालतात, मग त्याआधीच्या पीएस३ चे का नाहीत? हा सोनीचा निव्वळ लोभ आहे, असं काहीजण म्हणतात. लोभ असेलही, पण खरी गोम चिपमध्ये आहे.

पीएस४ आणि पीएस५ दोन्हींत एएमडी कंपनीचे एक्स८६ घराण्यातले (साध्या पीसीत असतात तसे) प्रोसेसर, म्हणजे नातं सख्खं. पीएस३ चा सेल प्रोसेसर वेगळ्याच घराण्यातला: एक मुख्य कोअर (गणना करणारा भाग) आणि जोडीला एसपीई नावाचे छोटे कोअर. प्रत्येक एसपीईला स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी. त्यात कोणता डेटा कधी आणायचा, कधी बाहेर काढायचा हे गेम लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. ही सगळी कसरत दुसऱ्या चिपवर, तीही वेळ न चुकवता, करून दाखवायची म्हणजे एम्युलेटरचा (एका यंत्राची दुसऱ्यावर नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घाम निघतो. पीसीवर आरपीसीएस३ नावाचा एम्युलेटर हे करतो, पण त्याला दणकट सीपीयू (मुख्य प्रोसेसर) लागतो.

गंमत म्हणजे २००६ च्या पीएस३ मध्ये पीएस२ च्या चिपाच बसवल्या होत्या. २००७ च्या युरोपीय मॉडेलमधून त्यातला सीपीयू गेला, पुढे सगळंच काढून टाकलं. तो मात्र सरळसरळ खर्चाचा हिशेब होता.

मायक्रोसॉफ्टने मात्र २०१५ पासून आपल्या एक्सबॉक्स वन कन्सोलवर आधीच्या एक्सबॉक्स ३६० चे गेम एम्युलेटरने चालवले. तिथे डिस्क फक्त किल्लीचं काम करते, गेम नव्याने डाउनलोड होतो. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या गेमच्या यादीत नसलेल्या गेमची डिस्क घातली तर तो गेम चालत नाही.