अनुभव धागा : कोरियन 'पोछा'मधील संध्याकाळ

कोरियातील 'पोजांगमाछा' म्हणजे मुळात रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली चालणारी खाण्यापिण्याची गाडी. तिचे लघुरूप 'पोछा' आता चार भिंतींतल्या साध्या, गजबजलेल्या मद्यालयांनाही लागले आहे. (नावावर आधी हसून घ्यावे.) ज्यांनी तेथे एखादी संध्याकाळ काढली आहे, त्यांनी काय अडले आणि काय आवडले, ते लिहावे.

सुरुवात माझ्यापासून. सोलच्या होंगदे भागात एका शुक्रवारी रात्री मी दहा मिनिटे हात वर करून बसलो होतो आणि पलीकडची मुले टेबलाच्या कडेचे बटण दाबून हवे ते मागवत होती. चमचे आणि धातूच्या काड्या टेबलाच्याच खणात असतात, हेही शेजाऱ्याने खण ओढून दाखवला तेव्हा कळले.

नोकरीनिमित्त सुवोनला राहिलेले एक वाचक

मी मद्य घेत नाही. सोजू या कोरियन मद्याची 360 मिलिलिटरची हिरवी बाटली फिरू लागली, की वरिष्ठांपुढे पेला दोन्ही हातांनी धरायचा, पिताना मान बाजूला वळवायची आणि आपला पेला आपण भरायचा नाही, हे संकेत आमच्या कार्यालयातील तरुण मंडळीही पाळत. मी 'साइडा' मागवत असे. ते लिंबाच्या चवीचे सोडापेय त्याच छोट्या पेल्यात घेतले, की मला कोणी आग्रह केला नाही. पैसे निघताना गल्ल्यावर द्यायचे, टिपेची पद्धत नाही.

सोलमध्ये शिकलेली एक वाचक

मी शाकाहारी असल्यामुळे माझी पंचाईत निराळी होती. पोछात नुसते पेय मागवून बसणे बरे दिसत नाही, सोबत 'आन्जू' म्हणजे चखणा घ्यावाच लागतो; आणि किमचीत, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचे पाणी, तर त्तोकबोक्कीच्या (तांदळाच्या पिठाच्या कांड्यांचा तिखट पदार्थ) रश्शात सुकी मासळी उकळलेली असते. उरला तो तापल्या तव्यावर चुरचुरत येणारा, चीज घातलेला गोड मका. आमच्या गल्लीतल्या पोछाच्या मालकीणबाईंना सगळे 'इमो', म्हणजे मावशी, म्हणून हाक मारत. मलाही ते सहज जमले, कारण आपल्याकडेही परक्या बाईला मावशी म्हणतातच. (तरुण मुलीला मात्र इमो म्हणू नये, रोष ओढवतो.) पहिल्या दिवशी मासे नको, मांस नको, हे मी मोडक्या कोरियनमध्ये तीनदा समजावले. महिनाभराने गेले, तेव्हा इमोने मेन्यू पुढे केलाच नाही. लांबूनच मान हलवली आणि मक्याचा तवा चढवला.