प्रतिसाद: क्लोपिडोग्रेल नेमके काय अडवते?

क्लोपिडोग्रेल या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळीने रक्त पातळ होते, असे ज्या मजकुराला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. बोलण्याच्या ओघात ते चालून जाते, पण रक्ताचा दाटपणा या गोळीने बदलत नाही. तिचे लक्ष्य प्लेटलेटच्या (गुठळी बांधणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशीच्या) पृष्ठभागावरील पी२वाय१२ हे ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारे, प्रथिन आहे. जखमेपाशी सुटलेले एडीपी हे संदेश देणारे रसायन अशा दोन प्रथिनांना चिकटते: पी२वाय१मुळे पेशीत कॅल्शियम वाढून चकतीसारखी प्लेटलेट काटेरी होते आणि गुठळीला सुरुवात होते, पी२वाय१२ मात्र सायक्लिक एएमपी हा प्लेटलेटला शांत ठेवणारा आतला लगाम सैल करते, आणि मग फायब्रिनोजेन या रक्तातील प्रथिनाने जोडलेल्या प्लेटलेट एकमेकींना धरून राहतात.

प्रयोगशाळेत हा फरक चक्क डोळ्यांना दिसतो. प्लेटलेटयुक्त गढूळ प्लाझ्मात (रक्तातील द्रवात) एडीपी घातले की गठ्ठे बांधले जाऊन तो निवळतो, पण पी२वाय१२ बंद असेल तर गठ्ठे थोड्याच वेळात सुटतात आणि नळी पुन्हा गढूळते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने या गोळीने निकामी केलेल्या प्रथिनाची भरपाई तिला करता येत नाही, आणि तिचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते. म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर ही गोळी साधारण ५ दिवस आधी थांबवतात (स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्यांनी हे परस्पर करू नये), म्हणजे तोवर पुरेशा नव्या प्लेटलेट रक्तात आलेल्या असतात.