बर्लिनला दोन वर्षं राहायचंय: कुकर, पत्ता, पीठ आणि ओले कपडे

सायलीचा_वेल
नमस्कार. ऑक्टोबरपासून बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत (टीयू) मास्टर्स सुरू होतंय. व्हिसा, विमा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) मार्गी लागलं. वेडिंग भागात, लिओपोल्डप्लात्सजवळ, तिघींच्या सामायिक फ्लॅटमध्ये खोली मिळाली आहे. व्हिसाच्या कागदांबद्दल ढीगभर माहिती सापडते, पण रोजच्या घरात काय लागतं ते कुणी सांगत नाही.

घरचा तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर नेऊ का? मिक्सर? तूप आणि बेसनाचे लाडू चालतात का? पोळ्यांना तिथलं कुठलं पीठ घ्यायचं, की इथूनच न्यायचं? सामानाला ४६ किलोची मर्यादा आहे, त्यामुळे किलोकिलोचा हिशोब चाललाय. मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. आणि ती पत्त्याची नोंदणी म्हणजे नक्की काय भानगड आहे? घरमालकीण "नंतर बघू" म्हणतेय.

खिडकीतला_कावळा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. कुकर चुकला तर भात पातेल्यात शिजतो, नोंदणी चुकली तर पुढचं सगळंच अडतं.

नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याचं सही केलेलं पत्र लागतं. या पत्राचं नाव लांबलचक आहे: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही, इथेच बहुतेक जण परत पाठवले जातात. हे पत्र देणं घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा "नंतर बघू" मान्य करू नका. विमानाचं तिकीट काढण्याआधी ईमेलवर लेखी हो घ्या. "नोंदणी करता येणार नाही" अशा अटीवर मिळणारी स्वस्त खोली शेवटी महागच पडते.

बर्लिनमध्ये कुठल्याही भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांचं सरकारी कार्यालय) नोंदणी चालते, वेडिंगचंच कार्यालय हवं असं नाही. मात्र आधी वेळ घ्यावी लागते आणि वेळा पटकन संपतात. रद्द झालेल्या वेळा अधूनमधून साइटवर परत दिसतात, त्यामुळे सकाळी कार्यालयं उघडायच्या सुमारास आणि दिवसातून दोनतीनदा बघत राहा. ११५ या क्रमांकावर फोन करूनही वेळ मागता येते. दोन आठवड्यांत वेळ मिळाली नाही, तर पुढची मिळालेली तारीख आणि ती कधी घेतली याचा पुरावा जपून ठेवा. नोंदणीला शुल्क नाही.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी असतो. गंमत म्हणून तिथे ख्रिस्ती पंथ लिहिलात, तर पुढे पगारावरच्या आयकराच्या ९ टक्के आणखी कापले जातात. तुम्ही रकाना रिकामा सोडा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: टपालपेटीवर तुमचं आडनाव. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेट्यांवरची नावं वाचून पत्रं टाकतो आणि नाव दिसलं नाही की पत्र परत जातं. टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं टपालाने येतं. टॅक्स आयडी वेळेत हाती नसेल, तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. तेव्हा पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर ठळक आडनाव लिहून पेटीवर आणि खालच्या बेलवर चिकटवा. स्पेलिंग पासपोर्टातलंच हवं.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते फाडून टाकू नका. शुल्क माणशी नाही, फ्लॅटमागे असतं. एखादी मैत्रीण आधीच भरत असेल तर उत्तरात तिचा वर्गणी क्रमांक कळवा आणि पैसे तिघींत वाटून घ्या.

फोडणी_मंद_आचेवर
स्वयंपाकघर माझ्याकडे.

कुकरचं उत्तर शेगडीवर अवलंबून आहे. बर्लिनच्या जुन्या घरांत गॅसही असतो, पण बहुतेक ठिकाणी वर काळी गुळगुळीत काच असते. या काचेखाली दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक सेरान: आत तार तापते, वर्तुळ लालबुंद दिसतं. दुसरी इंडक्शन: काच स्वतः तापत नाही, भांडंच तापतं. दिसायला दोन्ही सारख्याच. मैत्रिणींना एवढंच विचारा, "वर्तुळ लाल होतं का?" होत असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर बिनधास्त न्या. नसेल तर इथूनच इंडक्शन बुडाचा स्टीलचा घ्या. दुकानात लोहचुंबक नेऊन बुडाला चिकटतो का ते पाहा, नुसतं "स्टील" लिहिलेलं पुरत नाही. खरं तर दोन वर्षांत घर बदलायची शक्यता बरीच असते, म्हणून माझा कौल सरळ स्टीलला. सोबत दोन जादा गॅस्केटं आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह न्या, आपल्या ब्रँडचे भाग तिथल्या साध्या दुकानात नसतात.

सेरानवर कुकर लावताना एक सवय मोडावी लागते. गॅस बंद केला की आच जाते, सेरानची वर्तुळं मात्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहतात. वरणाला घरी तीन शिट्ट्या लागत असतील तर तिथे दोन झाल्या की बंद करा, तिसरी आपोआप होते. दूध उतू जायच्या बेताला आलं की बटण फिरवून उपयोग नाही, पातेलं उचलून बाजूला ठेवायचं. तवा अगदी सपाट बुडाचा हवा. आपला खोलगट लोखंडी तवा काचेवर डुगडुगतो आणि मधेच तापतो. वर्तुळं साधारण १४.५, १८ आणि २१ सेंटीमीटर व्यासाची असतात, त्या मापाचं बूड बघा. सांडलेलं साखरेचं काही असेल तर काच गरम असतानाच ब्लेडच्या खरवडणीने काढा, थंड झाल्यावर ते काचेचा टवका घेऊन निघतं.

पीठ. जर्मन पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा कमी तितका कोंडा कमी. ४०५ म्हणजे आपला मैदा. तिथलं संपूर्ण गव्हाचं पीठ, फोलकोर्न, आपल्या कणकेसारखं वाटतं, पण कोंडा जाडसर असतो आणि गहू वेगळा, म्हणून पोळी लाटताना कडा फाटतात. आपल्या चक्कीत गहू रगडला जातो, पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी मऊ राहते. अडीअडचणीला अर्धं फोलकोर्न आणि अर्धं ५५० घ्या, कोमट पाण्यात सैलसर भिजवा, पाऊण तास झाकून ठेवा. रोजच्यासाठी भारतीय किंवा श्रीलंकन दुकानातला आट्याचा ५ किंवा १० किलोचा पुडा आणा. म्हणजे पीठ इथून न्यायचं नाही, ते वजन मसाल्याला द्या.

भाकरीचं तेवढं वेगळं. हिर्झे नावाचं पीठ ज्वारी समजून घेऊ नका, ते वरईच्या कुळातलं धान्य आहे. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातच मिळतं.

डाळींपैकी मसूर आणि हरभरे कुठल्याही तुर्की दुकानात मिळतात, आणि वेडिंगमध्ये तुर्की-अरबी दुकानांना तोटा नाही. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, छोटी वांगी, हिरव्या मिरच्या तिथूनच घ्या. कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून बघा, शेजारी सपाट पानांची पार्सली असते आणि दिसायला जुळी बहीण! तूर, मूग, पोहे, गूळ भारतीय दुकानात.

तूप: नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दूध किंवा मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, पनीर सगळं त्यात आलं. लाडवांचंही विसरा, कस्टम्सच्या टेबलावर तुपाचं प्रमाण समजावत बसण्यात अर्थ नाही. ताज्या भाज्या-फळांना बहुतेक वेळा वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आंबे आणि ताजा कढीपत्ता नाही. गोडा मसाला, तिखट, मेतकूट, तेलातली भाजणीची चकली खुशाल न्या. तिथलं बिनमिठाचं लोणी आणून घरी कढवलं की उत्तम तूप होतं. २५० ग्रॅमच्या पुड्यातून साधारण २०० ग्रॅम.

मिक्सर न्या. व्होल्टेज तेच, २३०.

आठवा_मजला
वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण मिक्सरवर नाही. व्होल्टेज जुळतं, प्लग नाही. आपली जाड तीन पिनांची वायर जर्मन सॉकेटमध्ये जात नाही, आणि विमानतळावर मिळणारे चौकोनी प्रवासी ॲडॉप्टर फोनपुरते असतात. ७५० वॅटचा मिक्सर वाटण करताना अडकला की प्रवाह वाढतो आणि असा ॲडॉप्टर वितळतो. न्यायचाच असेल तर अर्थिंग असलेला, १० ते १६ ॲम्पियरचा पक्का ॲडॉप्टर घ्या. नाहीतर चटणीपुरतं तिथेच छोटं यंत्र घ्या, चार किलो वाचतील.

शिवाय रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते आणि रविवार दिवसभर. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, कपड्यांचं मशीन यांवरून शेजारी खरोखर तक्रार करतात. इडलीचं पीठ शनिवारी दुपारीच वाटून ठेवा.

फोडणीबद्दल: बर्लिनमध्ये झोपण्या-बसण्याच्या खोल्या आणि वाटेच्या पॅसेजमध्ये धुराचे अलार्म सक्तीचे आहेत, स्वयंपाकघरात नाहीत. म्हणून सुक्या मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी सताड उघडी. आपण सवयीने उलटं करतो, दार उघडतो, आणि पॅसेजमधला अलार्म बोंबलतो. शेगडीवरचा पंखाही बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

सायलीचा_वेल
सगळ्यांचे आभार! वर्तुळ लाल होतं, म्हणजे सेरान. तरी स्टीलचाच घेते. अजून दोन शंका. बाल्कनी नाही, मग थंडीत कपडे कुठे वाळवायचे? आणि मैत्रीण म्हणाली की "खोलीला बुरशी येऊ देऊ नकोस", ते काय प्रकरण?

खिडकीतला_कावळा
दोन्हीचं उत्तर एकच आहे. एका मशीनभर ओल्या कपड्यांतून दीडदोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. बाहेर थंडी, भिंत गार, ते पाणी भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे जमतं आणि काळे ठिपके उमटतात. घर सोडताना मालक ते अनामतीतून कापायला बघतो, आणि अनामत तीन मूळ भाड्यांपर्यंत असू शकते.

उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन. दिवसातून दोनतीनदा खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, तेवढ्या वेळात हीटर बंद. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडल्या तर आणखी चांगलं. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक: हवा नीट बदलत नाही, भोवतीची भिंत तेवढी गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर पुढे ओढा. कपडे वाळवायचा स्टँड हीटरजवळ ठेवा, पण हीटरवर कपडे पसरू नका, आणि त्या दिवशी खिडकी एकदा जास्त उघडा. मशीनमध्ये शेवटी १४०० फेऱ्यांवर पिळून घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं.

हीटरच्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे तापमानाचे आहेत, वेगाचे नाहीत. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा सुमारे ४ अंशांनी वर. लवकर तापावं म्हणून ५ वर नेलं तर खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते. भाडं "वार्म", म्हणजे हीटिंग धरून, असलं तरी हीटिंगचा भाग अंदाजाचा असतो. वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि फरक भरावा लागतो. करारात वीज आणि इंटरनेट धरलंय का, तेही आत्ताच विचारून घ्या.

फोडणी_मंद_आचेवर
पाण्याचं राहिलंच. बर्लिनचं नळाचं पाणी थेट प्यायला उत्तम, पण फार जड. चहावर तवंग येतो, हरभरे शिजायला कुरकुरतात. ते रात्रभर भिजवा आणि शिजवताना चिमूटभर सोडा घाला. किटलीत पांढरा थर जमला की औषधी-साबणाच्या दुकानातली सायट्रिक ॲसिडची पूड आणा, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, अर्धा तास. उकळू नका, उकळलं तर दुसराच चिवट थर बसतो. कपड्यांच्या पावडरीचं प्रमाणही पुड्यावरच्या "हार्ट" म्हणजे जड पाण्याच्या रकान्यातून घ्या, नाहीतर पांढरे कपडे वर्षभरात करडे होतात.

आठवा_मजला
झटपट उरलेलं. रविवारी आणि सुट्टीला सुपरमार्केट बंद, बर्लिनमध्ये ८ मार्चलाही सुट्टी असते. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात. पेयांच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, रिकाम्या मशीनमध्ये टाकल्या की ती परत मिळते. बाटली चेपू नका आणि लेबल फाडू नका, मशीन तिला ओळखत नाही. लिओपोल्डप्लात्सहून यू९ मेट्रोने थेट झूलोगिशर गार्टन, तिथून टीयू चालत दहा मिनिटं. तिकीट सेमेस्टरच्या शुल्कातच येतं, पण फोनची बॅटरी संपली आणि तपासनीस आला तर ६० युरोंची पावती फाडतो. नंतर कार्यालयात तिकीट दाखवलं की ती ७ युरोंवर येते.

दुपारच्या जेवणाला मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांची कॅन्टीन. टीयूत एक पूर्णपणे वनस्पतीजन्य मेन्सासुद्धा आहे. इतरत्र खाताना पाटीवर तीन शब्द बघा: श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे (बटाट्याच्या भाजीत हमखास), श्माल्त्स म्हणजे चरबी, आणि दही-गोडाच्या डब्यावर गेलाटीने, म्हणजे प्राण्यांच्या हाडं-कातड्यापासूनचं जिलेटिन. घरमालकिणीचं पत्र आलं की इथे कळवा, अर्ज कसा भरायचा ते रकान्यागणिक सांगतो.