‘डिजिटल ट्विन’ला जुळं म्हणायचं का? आणि कारखान्यातले आणखी काही शब्द

अनुवादिनी:
ऑपरेटर आणि मेंटेनन्सच्या लोकांसाठीची एक मार्गदर्शिका मराठीत करायची आहे. डिजिटायझेशन, डिजिटलायझेशन, डिजिटल ट्विन (खऱ्या मशीनशी जोडलेली तिची संगणकातली जोडीदार) आणि प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स हे शब्द त्यात पानोपानी येतात. पहिल्या दोन्हींसाठी सरसकट ‘अंकीकरण’ चालेल का? आणि ट्विनला ‘अंकीय जुळे’? वाचणारा मशीनसमोर उभा असेल, एवढं धरून सांगा.

इन्स्ट्रुमेंटवाला:
सरसकट नको. हवेच्या लाइनवर फरक लगेच दिसतो. कॉम्प्रेसरच्या टाकीवर काट्याचा प्रेशर गेज आहे आणि ऑपरेटर दर तासाला आकडा वहीत उतरवतो. ती वही एक्सेलमध्ये चढवली की झालं अंकीकरण. कागदावरचं संगणकात आलं, पण तासाची फेरी तशीच राहिली.

आता गेजशेजारी ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून त्याचा विजेचा सिग्नल पाठवणारं उपकरण, बसवला आणि त्याची वायर पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरला, नेली. दाब सलग दोन मिनिटं ५.५ बारच्या खाली राहिला, तर मेंटेनन्सचं जॉबकार्ड आपोआप उघडतं. फेरी बंद झाली, म्हणजे कामाची रीतच बदलली. याला मी ‘डिजिटलीकरण’ लिहीन. शब्द धेडगुजरी आहे हे मान्य, पण वेगळ्या गोष्टीला वेगळं नाव तर मिळालं.

याच प्रकरणात तुम्हाला ‘लाइव्ह झिरो’ भेटेल. त्याचं ‘थेट शून्य’ करू नका, ‘जिवंत शून्य’ करा. ट्रान्समीटर शून्य दाबाला ४ मिलिअँपिअर देतो आणि पूर्ण दाबाला २०. म्हणजे ०–१० बारच्या ट्रान्समीटरवर १२ मिलिअँपिअर आले की दाब ५ बार. शून्यालाही करंट वाहतो म्हणून ते जिवंत. करंट ३.६ च्या खाली गेला, तर दाब गेला असं समजायचं नाही. वायर तुटली किंवा ट्रान्समीटर बिघडला. शून्यालाच ० मिलिअँपिअर ठेवले असते तर रिकामी टाकी आणि तुटलेली वायर सारखीच दिसली असती.

आणि ‘स्केलिंग’चं, म्हणजे किती मिलिअँपिअरला किती बार धरायचे या पीएलसीतल्या हिशेबाचं, ‘प्रमाणन’ वगैरे करू नका, स्केलिंगच ठेवा. या शब्दापाशी माणूस थबकला तर महागात पडतं. ०–१० चा ट्रान्समीटर खराब झाला, स्टोअरमध्ये ०–१६ चा मिळाला, तो बसवला, पण पीएलसीतलं स्केलिंग तसंच राहिलं. टाकीत खरे ६ बार असताना नवा ट्रान्समीटर १० मिलिअँपिअर देतो आणि पीएलसी त्याचे ३.७५ बार वाचतो. जॉबकार्डांचा पाऊस पडतो, आणि कॉम्प्रेसर अगदी ठणठणीत असतो. काट्याच्या गेजवर ही चूक झालीच नसती, कारण पट्टी त्याच्या तोंडावरच छापलेली असते.

व्याकरणखोर:
‘अंकीय’ला माझा वेगळा आक्षेप आहे. ‘तीन अंकी’ म्हटलं की मराठी माणसाला आधी नाटक आठवतं. व्युत्पत्ती म्हणाल तर ‘डिजिट’च्या मुळाशी लॅटिनमधलं बोट आहे, म्हणजे आपलं बोटांवर मोजणंच. पण ‘डिजिटल’ आता घड्याळापासून वजनकाट्यापर्यंत रुळलाय. अंकीकरण नाम म्हणून ठेवा, विशेषण डिजिटलच राहू द्या.

मशीनशॉप:
ट्विनला ‘जुळं’ म्हणायला माझा विरोध. जुळी भावंडं एकदा जन्मली की आपापल्या वाटेनं वाढतात. इथं तर एकानं दुसऱ्याला धरून राहणं हाच सगळा मुद्दा. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिचं नाव ट्विन नव्हतंच. हा शब्द नासाच्या जॉन विकर्स यांच्यामुळे पुढे रूढ झाला.

शब्द ठरवण्याआधी माहिती कुठून कुठे जाते ते पाहा. सीएनसी मशीनिंग सेंटर घ्या, म्हणजे संगणकी प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन. प्रोग्राम चढवण्याआधी टूल कुठे आदळतंय का हे संगणकावर पाहिलं, तर ते मॉडेल. मशीनवर काही बदललं तर मॉडेलमध्ये माणसानं बदलायचं. स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या दांड्याचा) करंट आणि तापमान आपोआप पडद्यावर येऊ लागलं, पण उलट दिशेनं काहीच जात नाही, तर ती डिजिटल शॅडो. आणि त्या तापमानावरून स्पिंडल किती लांबला हे काढून झेड अक्षाची दुरुस्ती कंट्रोलरला परत पाठवली, तर तो ट्विन.

या दुरुस्तीची गरज किती? पोलाद मीटरमागे दर अंशाला ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरचा स्पिंडल १० अंशांनी तापला तर लांबी साधारण ३५ मायक्रॉननी वाढली. कापाच्या खोलीची टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±२० मायक्रॉन असेल तर जॉब गेला. फसतं कुठे, तर सेन्सर बेअरिंगजवळ न बसवता सोयीचा म्हणून हाउसिंगच्या बाहेर चिकटवलेला असतो. आतली उष्णता तिथे उशिरा पोहोचते, म्हणून सकाळी दुरुस्ती कमी पडते. जेवणाच्या सुट्टीनंतर उलटं. स्पिंडल आतून निवत आलेला, बाहेरचं हाउसिंग अजून कोमट, आणि ट्विन जुन्याच हिशेबानं दुरुस्ती देतोय.

बाजारात ट्विन म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं मधल्या पायरीवरचं, म्हणजे शॅडोच असतं. मार्गदर्शिकेत हे तीन शब्द वेगळे ठेवलेत तर वाचणाऱ्याला निदान विचारता तरी येईल की परतीची वायर कुठे आहे.

व्याकरणखोर:
पण मराठीत ‘जुळ्याचं दुखणं’ आहे ना! एकाला झालं की दुसऱ्यालाही होतंच, असा तो वाक्प्रचार. मशीनशॉप म्हणतात ती दोन्हीकडची बांधिलकी त्यात आधीच आहे. कोमट हाउसिंगचं उदाहरण हे नेमकं जुळ्याचं दुखणंच. ‘जुळं’ या शब्दानं मराठी कानाला ट्विनपेक्षा जास्तच कळतं. म्हणून मॉडेलला प्रतिकृती, शॅडोला सावली, ट्विनला डिजिटल जुळं. सावली मालकाला ढकलू शकत नाही, हेही फुकटात सांगून होतं.

मशीनशॉप:
हे सुचलं नव्हतं. विरोध मागे. फक्त ‘प्रतिकृती’ नको, शॉपमध्ये प्रतिकृती म्हणजे हुबेहूब दुसरा पार्ट. तिथे मॉडेलच बरं.

कंपनमापक:
प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्ससाठी ‘अंदाजी देखभाल’ असं कुणी सुचवण्याआधीच सांगतो, नको. अंदाजी म्हटलं की पुढे ‘पंचे दाहोदरसे’ आलंच. ‘भाकिती’त ज्योतिषाचा वास येतो. ‘पूर्वानुमानी देखभाल’ जड आहे, पण चुकीचं नाही.

खरा गोंधळ त्याच्या शेजारच्या शब्दाशी होतो. कंपनाची मर्यादा ओलांडली आणि अलार्म आला, तर ती ‘स्थितीनुसार देखभाल’. बेअरिंग आणखी किती दिवस काढेल याचा हिशेब मांडून बदलण्याचा दिवस आधी ठरवला, तरच पूर्वानुमानी. दर तीन महिन्यांनी बदलायचंच, तर ती ‘ठरल्या वेळची’. प्रिव्हेंटिव्हला ‘प्रतिबंधक’ म्हणता येतं, पण ‘ठरल्या वेळची’ ऐकून ऑपरेटर लगेच मान हलवतो.

एक प्रकरण जवळून बघू. शाफ्ट मिनिटाला १,५०० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला २५. बेअरिंगमध्ये ९ गोळ्या. बाहेरच्या रिंगला खड्डा पडला, तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते. ठोक्यांची ढोबळ गणना गोळ्या गुणिले फेरे गुणिले ०.४, म्हणजे सेकंदाला ९०. आतल्या रिंगला ०.६ नं गुणायचं, म्हणजे १३५. शाफ्टचा तोल गेला असेल तर कंपन २५ वरच वाढतं. एकाच सेन्सरवरून तीन वेगळी दुखणी ओळखता येतात, ती अशी.

पण त्यासाठी मोजणी पुरेशी दाट हवी. १,००० हर्ट्‌झपर्यंतचं पाहायचं तर सेकंदाला २,००० पेक्षा जास्त नमुने लागतात, व्यवहारात २,५६० घेतात. सेकंदाला एकच आकडा पाठवणाऱ्या सेन्सरवर ‘प्रेडिक्टिव्ह’ची चिठ्ठी लावलेली असली, तरी कच्च्या सिग्नलचं विश्लेषण तो आतल्या आत करत नसेल तर ठोके त्यात दिसणारच नाहीत. आणि सेन्सर पातळ पत्र्याच्या गार्डवर चिकटवला तर बेअरिंगचं सोडून पत्र्याचंच कंपन मोजलं जातं. ‘सॅम्पल’ला इथे ‘नमुना’ लिहिताना जपा. क्वालिटीच्या माणसाला नमुना म्हणजे तपासायला काढलेला जॉब. ‘सेकंदाला इतक्या वेळा मोजणे’ असं उलगडून लिहिलेलं बरं.

अनुवादिनी:
आभार. डिजिटलीकरण, जिवंत शून्य, डिजिटल जुळं, स्थितीनुसार आणि पूर्वानुमानी, हे घेते. एक राहिलंच: लिंग. पीएलसी बंद पडला की पडली? आणि जुळं नपुंसकलिंगी केलं तर ‘ट्विननं दुरुस्ती पाठवली’च्या पुढच्या वाक्यात ‘तो’ की ‘ते’?

व्याकरणखोर:
जुळं ‘ते’, ट्विन ‘तो’. एका परिच्छेदात एकच शब्द वापरा, प्रश्न मिटला. पीएलसीत शेवटी कंट्रोलर आहे म्हणून ‘तो’. डेटा ‘आला’, ‘आली’ नव्हे. त्याचं अनेकवचनही करू नका.

इन्स्ट्रुमेंटवाला:
ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) बिघाडामुळे आपोआप बंद पडला की मात्र निम्म्या लोकांचा ‘ट्रिप झाला’ आणि निम्म्यांची ‘ट्रिप झाली’. दोन्ही कानाला चालतं, मार्गदर्शिकेत एक ठरवा. अलार्मच्या पडद्यावर क्रियापद गाळून नुसतं ‘ड्राइव्ह ट्रिप’ लिहिलंत तर वादही नको आणि अक्षरंही वाचतील.